सैन्यातला ट्रेड निवडणाऱ्या मुलाला आधी खरं सांगा : एका निवृत्त नर्सिंग असिस्टंटचं खुलं पत्र

प्रति,
सैन्यभरतीचे, सशस्त्र दलांच्या वैद्यकीय सेवांचे, नर्सिंग आणि संलग्न आरोग्य परिषदांचे आणि माजी सैनिकांच्या पुनर्वसनाचे निर्णय ज्यांच्या सहीने होतात, त्या सर्वांना,

जय हिंद.

माझा पुतण्या यंदा बारावी सायन्स झाला. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी, इंग्रजी, सगळ्यांत चांगले गुण आहेत. गेल्या महिन्यात भरतीची जाहिरात मोबाइलवर उघडून तो माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "काका, सोल्जर टेक्निकल नर्सिंग असिस्टंटला भरू का? तुम्ही तेच होतात ना? बाहेर आल्यावर याचं काय होतं?"

मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये २२ वर्षं नर्सिंग असिस्टंट होतो. २००० साली, एकोणिसाव्या वर्षी भरती झालो आणि २०२२ साली हवालदार म्हणून घरी आलो. त्याच्या पहिल्या प्रश्नाला मी लगेच हो म्हणालो असतो. दुसऱ्या प्रश्नापाशी माझी जीभ अडली. पोराला "बघू, सांगतो" म्हणून उठवलं, आणि तेव्हापासून मनात घोळत होतं ते आज तुमच्यापुढे मांडतो आहे. पत्र तुम्हाला आहे. पण भरतीची तयारी करणाऱ्या मुलांनी आणि त्यांच्या आईवडिलांनीही ते वाचावं अशी माझी इच्छा आहे.

आधी माझं काम काय होतं ते सांगतो. नर्सिंग असिस्टंट म्हटलं की लोकांना वाटतं, वॉर्डात ताप मोजणारा माणूस. लखनौच्या सेंटरमध्ये आधी कवायत आणि हत्यारं शिकलो, मग शरीररचना, औषधं, ड्रेसिंग, इंजेक्शन, आयव्ही लावणं, जखमीला उचलणं आणि मागे पोहोचवणं. पुढे कधी मोठ्या हॉस्पिटलच्या सर्जिकल वॉर्डात, कधी युनिटच्या एमआय रूममध्ये, म्हणजे छोट्या दवाखान्यात, कधी अशा पोस्टवर की जिथे डॉक्टर नसतोच. तिथे आरएमओ साहेब, म्हणजे युनिटचे डॉक्टर, रेडिओवर असतात आणि हात आपले असतात. पोस्टवरचे जवान मला 'डॉक्टर' म्हणायचे. मी दर वेळी दुरुस्त करायचो, ते दर वेळी पुन्हा तेच म्हणायचे.

एक रात्र अजून डोळ्यांपुढे आहे. १७,००० फुटांच्या वरची पोस्ट, जानेवारी महिना. नुकताच वर आलेला एक शिपाई संध्याकाळी खोकत होता. नऊच्या सुमारास त्याच्या छातीतून बुडबुडे फुटल्यासारखा आवाज यायला लागला, ओठ निळे पडले, थुंकीला गुलाबी फेस आला. हापो. उंचीवर फुप्फुसांत पाणी भरतं, त्याला फौजेत हाच शब्द आहे. त्यावर खरा इलाज म्हणजे माणसाला खाली नेणं. पण रात्री हेलिकॉप्टर येत नाही आणि त्या उतारावरून अंधारात स्ट्रेचर नेता येत नाही. ऑक्सिजन लावला, साहेबांनी रेडिओवर सांगितल्याप्रमाणे निफेडिपिन दिलं आणि त्याला हापो बॅगेत घातलं. त्या बॅगेतला हवेचा दाब टिकवायचा तर पायाने पंप मारत राहावं लागतं. आम्ही पाच जणांनी पाळ्या लावून पहाटेपर्यंत पंप मारला. दर पंधरा मिनिटांनी मी बॅगेच्या खिडकीतून त्याचा चेहरा बघायचो, श्वास मोजायचो, वहीत लिहायचो. उजाडल्यावर हेलिकॉप्टर आलं. तो वाचला. आज त्याला दोन मुलं आहेत, दिवाळीला फोन येतो.

ही वही आज माझ्याकडे नाही. ती युनिटची. माझ्याकडे डिस्चार्ज बुक आहे आणि त्यात माझ्या ट्रेडचं नाव आहे, चाल-चलन आहे, पदकं आहेत. किती रात्री कोणते रुग्ण सांभाळले, कोणत्या ऑपरेशनला उभा राहिलो, किती जणांना आयव्ही लावली, याची एक ओळही त्यात नाही.

निवृत्तीनंतर तीन महिन्यांनी मी एका खासगी रुग्णालयात अर्ज करायला गेलो. अर्ज संगणकावर भरायचा होता. नाव, वय, अनुभव भरलं. पुढचा रकाना नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणी क्रमांकाचा होता. तो भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता. तिथली मुलगी फार नीट बोलली. तिचा काहीही दोष नाही, नियम तिने केलेला नाही. ती म्हणाली, "काका, नंबर नसेल तर नर्सिंगला नाही घेता येणार. पण सिक्युरिटीला आम्ही माजी सैनिकांनाच प्राधान्य देतो." आज मी एका गोदामावर सुरक्षा सुपरवायझर आहे. काम प्रामाणिकपणे करतो आणि त्या कामाला मी कमी लेखत नाही. पण शासनाने २२ वर्षं खर्च करून माझ्या हातांना जे शिकवलं, ते गोदामाच्या दारात काही उपयोगाचं नाही.

आता तक्रारी क्रमाने मांडतो.

पहिली आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी. ट्रेड निवडताना मुलाला कोणी खरं सांगत नाही. जाहिरातीत पात्रता अचूक असते: बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी, एकूण ५० टक्के, प्रत्येक विषयात किमान ४० टक्के. उंची असते, छाती असते, धावण्याची वेळ असते. या प्रशिक्षणातून बाहेर कोणती नोंदणी मिळेल आणि कोणती मिळणार नाही, हे मात्र नसतं. गावाकडे 'नर्सिंग' हा शब्द ऐकला की आईवडील समजतात, पोरगा नर्सचा कोर्स करून येणार, पेन्शन घेऊन वर दवाखान्यात नोकरी धरणार. मीही तसंच समजलो होतो. विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही. पण एकोणिसाव्या वर्षी काय विचारायचं हेही कळायला हवं ना! आणि अग्निवीर योजनेबाहेर नियमित भरतीत राहिलेल्या मोजक्या जागांत ही एक आहे, म्हणजे इकडे ओढा वाढणारच.

याच कोअरची दुसरी जागा बघा, सिपॉय फार्माची, म्हणजे औषधं सांभाळणाऱ्या जवानाची. तिथे मुलगा १९ ते २५ वर्षांचा, डी. फार्म. किंवा बी. फार्म. झालेला आणि फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी असलेलाच घेतात. तो बाहेर येतो तेव्हा त्याची नोंदणी त्याच्या खिशात असते. दोघं एकाच लायनीत जेवले, एकाच हॉस्पिटलमध्ये राबले. एकाला औषधाच्या दुकानापासून सरकारी दवाखान्यापर्यंत दारं उघडी आणि दुसऱ्याला गोदाम. दोघांच्या मेहनतीत फरक नव्हता. फरक भरतीआधीच्या एका कागदात होता, आणि तो कागद किती मोलाचा आहे हे नर्सिंग असिस्टंटला भरणाऱ्या मुलाला कोणी सांगितलं नव्हतं. नर्सिंगचा रीतसर कोर्स आधी करून आलेल्या मुलाला तशी वाटही नाही. लष्करी परिचर्या सेवा १९४३ च्या अध्यादेशातून उभी राहिली, ती अधिकाऱ्यांची सेवा आहे आणि अध्यादेशाने ती स्त्रियांसाठी ठेवली. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा, झालेला मुलगा जवान म्हणून येतो तेव्हा त्याच्या नोंदणीला धरून जागाच नसते.

दुसरी तक्रार वयाची. जीएनएमला प्रवेशाची कमाल वयोमर्यादा ३५ वर्षं. जवानाला पेन्शनसाठी किमान १५ वर्षं सेवा लागते. विसाव्या वर्षी भरती झालेला मुलगा पेन्शनला पात्र होतो त्याच वर्षी त्याचं वय ३५ होतं. सेवेत असताना करावं म्हटलं तर तीन वर्षांचा हजेरीचा कोर्स, आणि दर दोन-तीन वर्षांनी आमची बदली. हा कोर्स पत्राने होत नाही, व्हायलाही नको. म्हणजे सेवेत करता येत नाही आणि सेवेनंतर वय उरत नाही. हे दोन नियम करणाऱ्यांनी एकमेकांशी बोलून केले नसावेत. पण त्यांच्या मधल्या फटीत माझ्यासारखे कितीतरी जण अडकले आहेत.

तिसरी, 'समकक्ष' या शब्दाची. फौजी ट्रेड आणि नागरी व्यवसाय समोरासमोर लावलेल्या याद्या आहेत. २०१३ च्या राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याशी ट्रेड जोडण्याचं कामही झालं आहे. त्यासाठी ज्यांनी मेहनत घेतली त्यांचा मी आभारी आहे. परंतु रुग्णालय समकक्षतेची यादी वाचत नाही, ते नोंदणी क्रमांक मागतं. १५ वर्षांच्या सेवेनंतर दहावी झालेल्या जवानाला गट 'क' च्या काही पदांसाठी पदवीधर समजलं जातं. ते प्रमाणपत्र माझ्याकडेही आहे. मात्र जिथे तांत्रिक किंवा व्यावसायिक अनुभव आवश्यक असतो तिथे ते चालत नाही. म्हणजे मी कारकुनीला अर्ज करू शकतो, ज्या कामात माझी उमर गेली त्याला करू शकत नाही.

चौथी तक्रार थोडक्यात. पुढे सेवेत कोणाला लॅबच्या कोर्सला पाठवतात, कोणाला ऑपरेशन रूमच्या, कोणाला एक्स-रेच्या, कोणाला रक्तसंक्रमणाच्या. त्या वेळी युनिटची गरज बघतात, आणि ते बरोबरच आहे, ती फौज आहे. पण याच एका वळणावर माणसाची पुढची वीस वर्षं ठरतात. तिथे त्याच्याशी पाच मिनिटं कोणी बोललं तर काय बिघडेल?

पाचवी. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत देशात हात कमी पडले तेव्हा फौजेचे नर्सिंग असिस्टंट आणि बॅटलफील्ड नर्सिंग असिस्टंट (लढाईत जखमींवर प्रथमोपचार करायला शिकवलेले जवान) नागरी कोविड रुग्णालयांत पाठवले गेले. मीही गेलो होतो. पीपीई किटमध्ये घामाने भिजून आम्ही ऑक्सिजन लावला, रुग्ण पालथे केले, शेवटच्या क्षणी घरच्यांना व्हिडिओ कॉल लावून दिले. तेव्हा कोणी नोंदणी क्रमांक विचारला नाही. विचारू नये हेच योग्य होतं. मग वर्षभराने तोच माणूस तशाच वॉर्डात पगारी नोकरी मागायला येतो तेव्हा त्याची निदान परीक्षा तरी घ्यायला नको का?

नर्सिंग परिषदांच्या मंडळींना काय वाटेल याची मला कल्पना आहे. नोंदणी ही रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी आहे आणि ती स्वस्त होता कामा नये. मला हे शंभर टक्के मान्य आहे. मी जीएनएम झालेल्या मुलीच्या बरोबरीचा आहे असं मी म्हणत नाही. बाळंतपण मी कधी केलेलं नाही, तान्ह्या बाळाचा वॉर्ड सांभाळलेला नाही, गावपातळीवरचं आरोग्य मला शिकावं लागेल. पण उरलेलं मला येतं. जे येतं ते तपासा, जे येत नाही ते शिकवा, आणि मग नापास झालो तर घरी पाठवा, मी मुकाट्याने जाईन. आज तपासायची सोयच नाही, म्हणून हे पत्र.

हे होऊ शकतं याची उदाहरणं आहेत. अमेरिकेत १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलातून आलेल्या चार वैद्यकीय सहायकांना घेऊन एक नवा अभ्यासक्रम सुरू केला. १९६७ मध्ये त्यातले तिघं उत्तीर्ण झाले, आणि तिथला 'फिजिशियन असिस्टंट' हा अख्खा व्यवसाय त्यातून उभा राहिला. युद्धातून परतलेल्या माणसाचा अनुभव वाया जातो आहे आणि दवाखान्यांत माणसं कमी आहेत, या दोन गोष्टी एका डॉक्टरने जोडून बघितल्या. आजही त्यांच्या सैन्यातल्या कॉम्बॅट मेडिकला प्रशिक्षणातच नागरी आपत्कालीन तंत्रज्ञाचं राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवावं लागतं, आणि प्रॅक्टिकल नर्सिंगच्या ट्रेडमधला जवान नागरी नर्सिंग परवान्याची परीक्षा देतो. भरती होतानाच तिथल्या मुलाला माहीत असतं, कोणत्या ट्रेडमधून हातात काय पडणार.

आपल्याकडेही तत्त्व मान्य झालेलं आहेच. २०२२ मध्ये अग्निवीरांसाठी इग्नूची पदवी जाहीर झाली, तिचे निम्मे श्रेयांक सेवेतल्या कौशल्य प्रशिक्षणाचे. चार वर्षांच्या प्रशिक्षणाला असं मोल देता येतं, तर वॉर्डात काढलेल्या बावीस वर्षांना का नाही? संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या कायद्यात तर तास स्पष्ट दिले आहेत: संलग्न आरोग्य व्यावसायिकासाठी दोन ते चार वर्षांत किमान २,००० तास, त्यावरच्या वर्गासाठी तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तास. ऑपरेशन रूम असिस्टंट, लॅब असिस्टंट, रेडिओग्राफर यांच्या प्रशिक्षणाचे तास मोजून या आकड्यांशेजारी ठेवायला फार मोठी समिती लागणार नाही. नर्सिंगसाठी २०२३ चा राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा नवा कायदा आला आहे. नियम नव्याने लिहिले जात असताना आमची एक ओळ त्यात बसवणं सोपं आहे. एकदा नियम छापले गेले की पुढची वीस वर्षं तुम्ही आम्हाला तेच नियम दाखवाल.

माझ्या मागण्या अशा.

भरतीच्या जाहिरातीसोबत प्रत्येक वैद्यकीय ट्रेडचं एक पान मराठी, हिंदी आणि इतर भारतीय भाषांत द्या. नर्सिंग असिस्टंट, पशुवैद्यकीय नर्सिंग असिस्टंट, फार्मा, नौदल आणि हवाई दलातला मेडिकल असिस्टंट, सगळ्यांचं. प्रशिक्षण किती, त्यातून कोणती नागरी नोंदणी मिळते, कोणती मिळत नाही आणि ती मिळवायला पुढे काय करावं लागेल, एवढंच त्यावर असू द्या. मुलाची आणि पालकाची त्यावर सही घ्या. या कामाला पैसा लागत नाही, म्हणून ही मागणी येत्या भरतीपासून पूर्ण व्हावी असा माझा आग्रह आहे.

सेंटरमधलं प्रशिक्षण आणि पुढचे कोर्स आरोग्य विद्यापीठांशी आणि परिषदांशी जोडा. प्रत्येकाला स्वतःचं क्लिनिकल लॉगबुक द्या, त्यावर वैद्यकीय अधिकाऱ्याची सही असू द्या, आणि निवृत्तीला ते जवानाच्या हातात पडू द्या. सुरक्षेच्या कारणाने ठिकाणं झाकायची असतील तर झाका, काम झाकू नका.

सेवेच्या शेवटच्या दोन वर्षांत इच्छुकांना लष्करी रुग्णालयांतच पूरक अभ्यासक्रम करू द्या, जो विषय आम्हाला येत नाही तेवढाच. त्यानंतर परिषदेची परीक्षा, बाकी सर्वांना असते तीच. माजी वैद्यकीय सैनिकांसाठी ३५ वर्षांची अट शिथिल करा.

आधीच निवृत्त झालेल्यांना एकदा तरी संधी द्या. नर्स म्हणून नोंदणी अगदीच शक्य नसेल तर रुग्णवाहिका आणि अपघात विभागातल्या आपत्कालीन सहायकाच्या जागांसाठी आमची कौशल्य परीक्षा घ्या. रक्तस्राव थांबवणं, टूर्निकेट (रक्त रोखणारा आवळपट्टा) लावणं, श्वासमार्ग मोकळा ठेवणं, हलत्या गाडीत रुग्ण सांभाळणं हे आमचं रोजचं काम होतं. महामार्गावरच्या जखमीला त्या पहिल्या तासात हेच लागतं.

पुतण्याला मी अखेर काय सांगितलं तेही लिहितो. "फौज वाईट नाही, काम तर सोन्यासारखं आहे," म्हटलं, "मी पुन्हा जन्मलो तरी तिथेच जाईन. पण जाताना डोळे उघडे ठेवून जा. डी. फार्म. करायची तयारी असेल तर दोन वर्षं थांब आणि नोंदणी घेऊन फार्माला जा. नर्सिंग असिस्टंटलाच जायचं असेल तर पहिल्या दिवसापासून स्वतःची वही ठेव, आणि लॅब, ओटी, एक्स-रे यांपैकी कोणताही कोर्स समोर आला तर मागे हटू नकोस. आणि पस्तिशीचा आकडा लक्षात ठेव." तो म्हणाला, "काका, हे सगळं जाहिरातीत का नाही लिहीत?"

मला त्याचं उत्तर देता आलं नाही. त्याचा फॉर्म अजून भरायचा आहे, ट्रेडचा रकाना कोरा आहे. ज्यांच्याकडे उत्तर आहे त्यांनी ते द्यावं, एवढी विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त हवालदार (नर्सिंग असिस्टंट),
आर्मी मेडिकल कोअर